पॅकेट कुठून आलं, कुठे चाललं?

२५ जानेवारी २००३, शनिवार. आपल्याकडे सकाळचे अकरा वाजले होते. त्या सुमारास इंटरनेटवर एक प्रोग्रॅम सुटला. त्याचा आकार होता ३७६ बाइट. मराठी मजकूर संगणकात साठवताना एका चिन्हाला साधारण तीन बाइट लागतात, म्हणजे ३७६ बाइटांत जेमतेम वीसेक मराठी शब्द मावतील. या प्रोग्रॅमला पुढे ‘स्लॅमर’ असं नाव पडलं. पहिल्या काही क्षणांत तर दर साडेआठ सेकंदांनी त्याने पछाडलेल्या यंत्रांची संख्या दुप्पट होत होती. जी यंत्रं त्याला बळी पडू शकत होती, त्यांतली नव्वद टक्के दहा मिनिटांत पडलीसुद्धा. एकूण आकडा कमीत कमी ७५ हजारांचा. दक्षिण कोरियात इंटरनेट ठप्प झालं, अमेरिकेत एका मोठ्या बँकेची हजारो एटीएम पैसे देईनाशी झाली.

गंमत अशी, की स्लॅमरने कुणाची फाइल पुसली नाही की पासवर्ड चोरला नाही. तो डिस्कवर उतरतच नसे, फक्त मेमरीत राहायचा आणि तिथून मिळेल त्या पत्त्यावर स्वतःच्या प्रती भिरकावत सुटायचा. त्या प्रतींच्या गर्दीनेच रस्ते तुंबले. मायक्रोसॉफ्टच्या ‘एसक्यूएल सर्व्हर २०००’ या डेटाबेसबरोबर एक छोटी मदतनीस सेवा येत असे. ती यूडीपी पद्धतीने, १४३४ क्रमांकाच्या पोर्टवर कान लावून बसलेली असायची. तिच्यात एक चूक होती. ठरावीक घडणीचं एकच पॅकेट आलं, की ते मर्यादेबाहेर मेमरीत घुसायचं आणि यंत्राचा ताबा घ्यायचं. चुकीवरची दुरुस्ती जुलै २००२मध्येच जाहीर झाली होती. पण बऱ्याच लोकांना आपल्याकडे हा डेटाबेस आहे हेच ठाऊक नव्हतं, कारण तो दुसऱ्याच कुठल्यातरी सॉफ्टवेअरच्या पोटात बसून आलेला.

आता फायरवॉलकडे वळू. ज्यांच्या वेशीवर ‘बाहेरून येणारं यूडीपी, पोर्ट १४३४, अडवा’ एवढी एक ओळ होती, त्यांच्याकडे त्या वाटेने स्लॅमर शिरला नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ज्यांच्या फायरवॉलवर ‘जे मुद्दाम परवानगी देऊन सोडलं नाही ते सगळं अडवा’ असा नियम होता, त्यांना १४३४ हा आकडा माहीत असण्याचीही गरज पडली नाही. स्लॅमर जन्माला येण्याआधीच ते पोर्ट त्यांच्याकडे बंद होतं. त्यासाठी कुणाला हल्ल्याचा वास लागायला हवा होता असं नाही. बाहेरच्या अनोळखी माणसाला आपल्या डेटाबेसच्या मदतनीस सेवेशी बोलण्याचं काही कामच नाही, एवढं ठरलेलं पुरे होतं.

विद्यार्थ्यांचा पहिला गोंधळ इथेच असतो. फायरवॉल वाईट पॅकेट ओळखते आणि अडवते, असं त्यांना वाटतं. ती ओळखत नाही. वाईट पॅकेटाच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं. १ एप्रिल २००३ला स्टीव्हन बेलोविन या सुरक्षा-संशोधकाने इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांच्या मालिकेत एक प्रस्ताव मांडला: आयपी पॅकेटाच्या शीर्षकात एक बिट रिकामा पडून आहे, तर ज्याचा हेतू दुष्ट असेल त्याने तो बिट १ करावा, म्हणजे फायरवॉलचं काम सोपं होईल. तारीख बघितलीत ना! पण या थट्टेच्या पोटात फायरवॉलची सगळी अडचण आली.

मग ती पाहते तरी काय? मुंबईच्या वेशीवर, मुलुंडला, दहिसरला जकात नाके होते. २०१७मध्ये जीएसटी आला तेव्हा ते उठले. नाक्यावरचा माणूस ट्रकमधली प्रत्येक पेटी फोडत नसे. माल कुठून आला, कुठे चालला, काय म्हणून दाखवला आहे, हे कागदांवरून बघायचा आणि सोडायचा किंवा बाजूला घ्यायचा. पेट्या फोडायला बसला असता तर रांग ठाण्यापर्यंत गेली असती. साधी फायरवॉलही कागदच वाचते. प्रत्येक पॅकेटाच्या पुढ्यात शीर्षक असतं, त्यातल्या पाच गोष्टी तिच्या कामाच्या: पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, टीसीपी की यूडीपी, पाठवणाऱ्याचं पोर्ट आणि घेणाऱ्याचं पोर्ट. पत्ता यंत्राचा असतो, तर पोर्ट म्हणजे त्या यंत्रावर कोणत्या सेवेशी बोलायचं आहे त्याचा क्रमांक, शून्यापासून ६५,५३५पर्यंत. वेबसाइट ८० आणि ४४३वर, मेल पोचवणारा सर्व्हर २५वर, नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस सेवा ५३वर, विंडोजचं दूरस्थ डेस्कटॉप ३३८९वर. हे क्रमांक ठरलेले आहेत, पण सक्तीचे नाहीत. ही पळवाट पुढे कामी येणार आहे.

वर्गात हे शिकवताना आकृत्या काढण्यापेक्षा एखादं खरंखुरं जाळं घ्यावं. समजा, एक कॉलेज आहे. लॅबमधल्या यंत्रांचे पत्ते १९२.१६८.१० ने सुरू होतात, ऑफिसमधल्यांचे १९२.१६८.२० ने. निकाल ठेवलेला सर्व्हर वेगळ्या भागात आहे, त्याचा पत्ता १९२.१६८.३०.५ आणि तो ४४३ पोर्टवर चालतो. मधोमध फायरवॉल. विद्यार्थ्यांना वेबसाइट बघता याव्यात, ऑफिसला निकालाचा सर्व्हर उघडता यावा, विद्यार्थ्यांना मात्र तो दिसू नये, एवढंच हवं आहे.

मुलांना नियम लिहायला सांगा. बहुतेक जण असं लिहितील. पहिला: लॅबमधून कुठेही, टीसीपी, पोर्ट ८० आणि ४४३, जाऊ द्या. दुसरा: लॅबमधून कॉलेजच्या डीएनएस सर्व्हरकडे, पोर्ट ५३, जाऊ द्या. तिसरा: ऑफिसमधून निकालाच्या सर्व्हरकडे, टीसीपी ४४३, जाऊ द्या. चौथा: लॅबमधून निकालाच्या सर्व्हरकडे, अडवा. पाचवा: बाकी सगळं अडवा. वाचायला अगदी चोख. आता लॅबमधल्या १९२.१६८.१०.२५ या यंत्रावरून कुणी निकालाच्या सर्व्हरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला. पॅकेट निघालं: टीसीपी, घेणारा १९२.१६८.३०.५, पोर्ट ४४३. फायरवॉल वरून खाली वाचत येते आणि पहिला जुळणारा नियम लागू करून मोकळी होते. पहिलाच नियम काय म्हणतो? लॅबमधून ‘कुठेही’, पोर्ट ४४३, जाऊ द्या. निकालाचा सर्व्हर ‘कुठेही’मध्ये बसतो. पॅकेट गेलं. चौथ्या नियमाकडे ते कधी पोचलंच नाही.

उपाय सोपा आहे: चौथा नियम उचलून सर्वांत वर ठेवायचा. पण विद्यार्थ्याने तो स्वतः शोधायला हवा, कारण नोकरीत याच प्रकारची चूक शेकडो नियमांच्या यादीत दडलेली सापडते. आणि क्रमाची ही रीत सगळीकडे सारखी नाही, हेही जाता जाता सांगून टाकावं. लिनक्सच्या आयपीटेबल्समध्ये पहिला जुळणारा निवाडा अंतिम. ओपनबीएसडीच्या पीएफमध्ये मुद्दाम ‘क्विक’ लिहिलं नाही तर शेवटचा जुळणारा नियम जिंकतो. विंडोजच्या फायरवॉलमध्ये सर्वसाधारणपणे ‘अडवा’ हा ‘जाऊ द्या’ला भारी पडतो, वर असो वा खाली. एकीकडचे नियम दुसरीकडे जसेच्या तसे उतरवणारा माणूस म्हणूनच फसतो.

शेवटची ओळ सर्वांत मोलाची. ती लिहिली नाही तर यंत्र काय करेल? आयपीटेबल्सचं मूळ धोरण ‘जाऊ द्या’ असं आहे. म्हणजे नियमांत न बसलेलं सगळं आत. विंडोजमध्ये बाहेरून आपणहून येणारं अडवलं जातं, आतून बाहेर जाणारं मात्र सोडलं जातं. बाहेर जाणाऱ्या वाटेकडे आपल्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. स्लॅमरने पछाडलेलं यंत्र बाहेर पॅकेटं ओकत होतं, आणि बाहेर जाणारं १४३४ ज्यांनी अडवलं त्यांनी निदान दुसऱ्यांचा छळ तरी थांबवला.

अडवण्याचेही दोन प्रकार आहेत. एकात फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देते, दुसऱ्यात पाठवणाऱ्याला ‘नाही’ असं कळवते. लॅबमध्ये दोन यंत्रं घेऊन हा प्रयोग करून पाहावा. एकावर वेब सर्व्हर चालू ठेवा, दुसऱ्यावरून तो उघडा. मग पोर्ट ८०वर ‘टाकून द्या’ नियम लावा: ब्राउझर कितीतरी वेळ चक्र फिरवत बसेल आणि शेवटी कंटाळून हात टेकेल. नियम बदलून ‘नकार कळवा’ करा: त्याच क्षणी जोडणी नाकारल्याचा संदेश येईल. बाहेरच्या लोकांसाठी गुपचूप टाकणं बरं, कारण चाचपडणाऱ्याला उत्तर मिळत नाही. कॉलेजच्या आतल्या जाळ्यात मात्र माझं मत नकार कळवण्याच्या बाजूने आहे. आपल्याच माणसांना मिनिटभर टांगून ठेवण्यात सुरक्षा काही वाढत नाही, फक्त तक्रारी वाढतात. हे प्रयोग स्वतःच्या किंवा परवानगी असलेल्या यंत्रांवरच करायचे, हे मुलांना पहिल्याच दिवशी बजावावं; परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरण्याला माहिती तंत्रज्ञान कायदा २०००मध्ये तरतुदी आहेत.

आपल्या पाच नियमांत आणखी एक भोक आहे, ते चाणाक्ष विद्यार्थ्याच्या लक्षात येतं. पॅकेट बाहेर गेलं, पण वेबसाइटचं उत्तर परत कसं येणार? उत्तराचं पॅकेट बाहेरून येतं, पाठवणाऱ्याचं पोर्ट ४४३, घेणाऱ्याचं पोर्ट मात्र ५१५१४ असं काहीतरी, ब्राउझरने त्या वेळेपुरतं उचललेलं. असा कुठलाच नियम आपण लिहिलेला नाही. शेवटची ओळ त्याला अडवेल.

सुरुवातीच्या फायरवॉलनी यावर एक युक्ती केली होती. टीसीपीमध्ये संवाद सुरू करताना तीन पॅकेटांची देवाणघेवाण होते. पहिलं ‘बोलायचं आहे’, दुसरं ‘ठीक, मलाही बोलायचं आहे’, तिसरं ‘ठीक’. ‘ठीक’चा बिट पहिल्या पॅकेटावर नसतो, नंतरच्या प्रत्येकावर असतो. म्हणून फायरवॉल म्हणायची: बाहेरून येणाऱ्या पॅकेटावर तो बिट असेल तर सोडा, ते नक्कीच आतल्या कुणाला तरी दिलेलं उत्तर असणार. पण बिट लावायला काय लागतं? कुणीही बनावट उत्तर पाठवू शकतो. त्याने जोडणी उघडत नाही, तरी आतलं यंत्र त्यावर कसं वागतं हे पाहून आत काय काय आहे याचा नकाशा काढता येतो. आणि यूडीपीमध्ये तर असा बिटच नाही. तिथे उत्तर कुठलं आणि आगंतुक कुठलं, शीर्षकावरून कळायला मार्ग नव्हता.

म्हणून फायरवॉलला स्मरणशक्ती द्यावी लागली. इस्रायलमध्ये १९९३ साली स्थापन झालेल्या चेक पॉइंट कंपनीच्या ‘फायरवॉल-१’ने ही पद्धत बाजारात रुजवली. आतून पॅकेट बाहेर जाताना फायरवॉल त्या पाच गोष्टी आपल्या तक्त्यात लिहून ठेवते. बाहेरून काही आलं, की आधी तक्ता बघते: याच्याशी आपल्यापैकी कुणी बोलायला सुरुवात केली होती का? नोंद जुळली तर सोडते, नाही तर नियमांकडे जाते. आपल्या यादीत सर्वांत वर एक ओळ वाढते: ‘ज्या जोडणीची नोंद आहे तिची पॅकेटं जाऊ द्या.’ यूडीपीचाही प्रश्न सुटतो. डीएनएसला विचारणा गेली, नोंद झाली, उत्तर आलं, जुळलं. नोंदी किती वेळ ठेवायच्या? लिनक्समध्ये एकाच यूडीपी विचारणेची नोंद मूळ सेटिंगप्रमाणे ३० सेकंदांत पुसली जाते, तर जुळलेल्या टीसीपी जोडणीची नोंद शांत पडून राहिली तरी पाच दिवस टिकते. हा तक्ता मेमरीत असतो, आणि मेमरीला मर्यादा आहे. हल्लेखोर हजारो खोट्या जोडण्या सुरू करून तो भरून टाकतात. मग खऱ्या माणसाला जागा उरत नाही.

हे सगळं एका दिवसात सुचलेलं नाही. १९८०च्या दशकात इंटरनेटवर मुख्यतः विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या, आणि त्यांचा एकमेकांवर विश्वास होता. २ नोव्हेंबर १९८८ला कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेल्या प्रोग्रॅमने तो विश्वास मोडला. सुमारे सहा हजार यंत्रं बाधित झाली असं सांगतात, आणि तो आकडाही अंदाजच. त्याच सुमारास डिजिटल इक्विपमेंट कंपनीत जेफ्री मोगल पॅकेटं चाळण्याची पद्धत बांधत होते, आणि बेल लॅब्जमध्ये बिल चेसविक वेशीवरचं यंत्र उभारत होते. चेसविक आणि आधी भेटलेले बेलोविन यांचं फायरवॉलवरचं पुस्तक १९९४मध्ये आलं. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्टला, व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं.

आता ती पळवाट. पोर्टचे क्रमांक सक्तीचे नाहीत, असं म्हटलं होतं. प्रशासकांनी बाकीची पोर्टं बंद केली, तसं सगळ्या सॉफ्टवेअरने ४४३वर बस्तान हलवलं. व्हिडिओ कॉल ४४३वर, चॅट ४४३वर, फाइल साठवणं ४४३वर; आतल्या यंत्रावर बसलेला विषाणूही आपल्या मालकाशी ४४३वरूनच बोलतो, कारण ते दार नक्की उघडं असतं हे त्यालाही कळतं. वर सगळं कूटबद्ध. शीर्षक वाचणाऱ्या फायरवॉलला यात काही फरक दिसत नाही. म्हणून आजच्या महागड्या फायरवॉल पेट्या फोडतात. संस्था आपल्या प्रत्येक यंत्रावर स्वतःचं प्रमाणपत्र बसवते, फायरवॉल मध्ये उभी राहून कूटबद्ध संवाद उलगडते, तपासते आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवते. ऑफिसच्या संगणकावरून बँकेचं खातं उघडणाऱ्या कर्मचाऱ्याला याची कल्पना दिलेली असते का? द्यायलाच हवी. बँका आणि रुग्णालयांच्या साइट या तपासणीतून वगळण्याची सोय अशा फायरवॉलमध्ये असते. ती वापरली जात नसेल तर तो निव्वळ आळस.

फायरवॉल कितीही हुशार असली, तरी जे तिच्यासमोरून जात नाही त्याचं ती काही करू शकत नाही. याचा धडा पुन्हा स्लॅमरनेच दिला. अमेरिकेत ओहायो राज्यात डेव्हिस-बेसी नावाचा अणुवीज प्रकल्प आहे. त्याच्या वेशीवरची फायरवॉल स्लॅमरला अडवू शकली असती. पण एका कंत्राटदाराच्या जाळ्यातून कंपनीच्या जाळ्यात एक वेगळी लाइन ओढलेली होती, फायरवॉलला वळसा घालून. स्लॅमर कंत्राटदाराकडे घुसला, त्या लाइनने कंपनीच्या जाळ्यात आला आणि तिथून प्रकल्पाच्या जाळ्यात. अणुभट्टीच्या सुरक्षेची मापं दाखवणारी यंत्रणा जवळजवळ पाच तास बंद राहिली. सुदैवाने भट्टी दुसऱ्याच बिघाडासाठी आधीपासून बंद होती, आणि जुनी काटे-तबकड्यांची उपकरणं चालू होती. नाक्यावर कितीही कडक माणूस बसवा, शेतातून कच्चा रस्ता काढलेला असेल तर ट्रक तिकडून जातो. कॉलेजात असा कच्चा रस्ता म्हणजे कुणीतरी ऑफिसच्या संगणकाला जोडलेला स्वतःचा मोबाइल हॉटस्पॉट, किंवा घरी विषाणू लागून दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये उघडलेला लॅपटॉप.

म्हणून फायरवॉल वेशीवर एक असून भागत नाही, प्रत्येक यंत्रावरही लागते. विंडोज एक्सपीत ती पहिल्यापासून होती, पण बंद ठेवलेली. ऑगस्ट २००३मध्ये ‘ब्लास्टर’ नावाच्या प्रोग्रॅमने इंटरनेटला जोडलेल्या एक्सपी यंत्रांची दैना उडवली. त्यानंतर वर्षभराने आलेल्या सर्व्हिस पॅक २मध्ये मायक्रोसॉफ्टने ती आपोआप चालू करून दिली. बटण तेच होतं, फक्त ते दाबलेल्या स्थितीत मिळू लागलं. माझ्या मते घरगुती सुरक्षेत त्या दशकातला हा सर्वांत मोठा बदल, आणि त्यात नवं तंत्रज्ञान फारसं काही नव्हतं.

प्रात्यक्षिकासाठी शेवटचं एक काम. कॉलेजच्या त्या पाच-सहा नियमांची यादी लिनक्स यंत्रावर खरोखर लावा आणि दिवसभर लॅब चालू द्या. आयपीटेबल्स प्रत्येक नियमापुढे एक मोजणी ठेवतं: या नियमाला आतापर्यंत किती पॅकेटं जुळली. संध्याकाळी ती मोजणी वाचा. सर्वांत वरच्या ‘नोंद आहे’ नियमापुढे मोठा आकडा असेल, कारण संवादाची पहिली पॅकेटं सोडली तर बाकी सगळी तिथेच निघून जातात. तळाच्या ‘बाकी सगळं अडवा’पुढेही काही जमलं असेल, आणि ते यंत्र थेट इंटरनेटवर असेल तर तिथे २२, २३, ४४५, ३३८९ या पोर्टांवर जगभरातून येणारे ठोके दिसतील. मग शून्यावर अडकलेला नियम शोधा. त्याचं कारण बहुधा तीनांपैकी एक असतं. तशी रहदारी त्या दिवशी आलीच नाही, किंवा ती सेवा केव्हाच बंद झाली आणि नियम तेवढा राहिला, किंवा वरच्या एखाद्या ‘कुठेही’ने त्याची पॅकेटं आधीच गिळली. चौथा नियम शून्यावर असेल, तर तिसरं कारण आहे का हे ठरवण्यासाठी विद्यार्थ्याने लॅबमधून निकालाच्या सर्व्हरकडे एक पॅकेट मुद्दाम पाठवावं आणि कोणत्या ओळीपुढचा आकडा एकाने वाढला ते पाहावं.